दृष्टीच्या वाटेवरची उलट वाहतूक

लातूरच्या शिकवणी वर्गांत आणि नांदेडच्या अभ्यासिकांत जीवशास्त्राच्या पुस्तकाची जेवढी पारायणं होतात, तेवढी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी होत असतील. त्याच अभ्यासक्रमातून २०२४ च्या नीट परीक्षेपासून डोळा आणि कान हा भाग वगळला गेला. त्यामुळे विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय संस्थेत दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याची डोळ्याशी खरी गाठ आता एमबीबीएसच्या पहिल्या वर्षातच पडते. वगळलेला हा भाग परत यावा असं मला मनापासून वाटतं, पण तो जसाच्या तसा नको. त्या धड्यातल्या आकृतीत एकच बाण होता: प्रकाश डोळ्यात शिरतो, दृष्टिपटलावर प्रतिमा उमटते, डोळ्याची नस तो संदेश मेंदूत नेते आणि आपल्याला दिसतं. गेल्या चाळीसेक वर्षांच्या संशोधनाने या बाणाच्या उलट दिशेने जाणारी केवढी तरी मोठी वाहतूक उघड केली आहे. तिच्याशिवाय दृष्टीची पहिली पायरीसुद्धा नीट समजत नाही.

आधी रचना पाहू. माणसाच्या एका डोळ्याच्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या बारा कोटींहून अधिक पेशी असतात, पण डोळ्याच्या नसेत तंतू असतात जेमतेम दहा-बारा लाख. म्हणजे बरीच निवड डोळ्यातच उरकलेली असते. हे तंतू मेंदूच्या मध्यभागातल्या थॅलॅमसच्या एका लहानशा गाठीत पोचतात. तिचं नाव लॅटरल जेनिक्युलेट न्यूक्लियस, थोडक्यात एलजीएन. तिथून संदेश मेंदूच्या मागच्या बाजूला, दृष्टीच्या पहिल्या केंद्राकडे जातो. त्याला व्ही१ म्हणतात. जुन्या पुस्तकांत एलजीएनची ओळख एका शब्दात आटोपलेली असे: टप्पा. इकडून आलं ते तिकडे पाठवायचं, एवढंच त्याचं काम.

पण एलजीएनमधल्या, पुढे संदेश पाठवणाऱ्या पेशीवर येऊन जुळणारे सिनॅप्स, म्हणजे पेशींमधले सांधे, मोजले तेव्हा चित्र पालटलं. अशा पेशीवर डोळ्याकडून आलेले सिनॅप्स फक्त ५ ते १० टक्के भरतात. सुमारे ३० टक्के खुद्द व्ही१च्या सहाव्या थरातून परत आलेले असतात. उरलेले आसपासच्या दमनकारी पेशींचे आणि मेंदूच्या देठाकडून येणाऱ्या, जाग-झोप सांभाळणाऱ्या तंतूंचे. हे मोजमाप मुख्यतः मांजरावरचं आहे, पण इतर सस्तन प्राण्यांतही परतीच्या तंतूंचं पारडं असंच जड आढळतं. ज्याला आपण डोळ्याचं स्टेशन समजत होतो, तिथे डोळाच अल्पसंख्य आहे.

मग ही गोष्ट इतकी वर्षं बाजूला का राहिली? डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९५९ पासून मांजराच्या व्ही१मध्ये इलेक्ट्रोड घालून दाखवून दिलं की तिथल्या पेशी विशिष्ट कोनात धरलेल्या रेषेला प्रतिसाद देतात. एलजीएनमधल्या गोल क्षेत्रांच्या पेशी (नजरेच्या ज्या तुकड्याला पेशी प्रतिसाद देते ते तिचं क्षेत्र) एका ओळीत जुळल्या की रेषा ओळखणारी पेशी तयार होते, ही त्यांची मांडणी इतकी देखणी आणि इतकी उपयोगी होती की साऱ्या शास्त्राने ती उचलली. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं ते योग्यच होतं. पण ही प्रयोगपद्धती भूल दिलेल्या प्राण्यांवर बेतलेली होती आणि परतीची वाहतूक भुलेत मंदावते. व्हिक्टर लामे यांनी पुढे माकडांत दाखवलं की आकृती आणि पार्श्वभूमी वेगळी करणारा व्ही१चा उशिराचा प्रतिसाद भूल दिल्यावर नाहीसा होतो, पण रेषेचा कोन ओळखणारा सुरुवातीचा प्रतिसाद टिकून राहतो. जे मोजायचं तेच साधनाने झाकून ठेवलेलं होतं. या शास्त्राचा इतिहास वाचताना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा धडा हाच.

तरी काही जण मागे लागले होतेच. कलिल आणि चेस यांनी १९७० मध्ये मांजराचं दृष्टिकेंद्र थंड करून, म्हणजे तात्पुरतं गप्प करून, एलजीएनच्या पेशींत काय फरक पडतो ते पाहिलं. फरक पडत होता, पण तो पेशीगणिक वेगळा होता. १९८७ मध्ये मर्फी आणि सिलिटो यांनी नेमकी गोष्ट पकडली. एलजीएनच्या पेशीला आखूड रेषा दाखवली की ती जोरात बोलते, रेषा लांबवली की गप्प होते. व्ही१ काढून टाकल्यावर ही लांबीची पारख बरीचशी ओसरली. म्हणजे डोळ्याची म्हणून मानलेली एक पारख खरं तर पुढच्या केंद्राकडून मागे आलेली होती. १९९४ मध्ये सिलिटो यांच्याच गटाने आणखी एक बाब दाखवली: एकच सरकती कड एलजीएनच्या दोन पेशींच्या क्षेत्रांवरून एकदम गेली तर त्या पेशी तालात बोलतात आणि व्ही१ काढल्यावर तो ताल जातो. दोन तुकडे एकाच वस्तूचे आहेत, याची खूण इतक्या सुरुवातीच्या टप्प्यावर उमटते.

इथे एक इशारा द्यायला हवा. संख्या जास्त म्हणजे अधिकार जास्त, असा अर्थ काढणं चूक आहे. मरे शर्मन आणि रे गिलरी यांनी १९९८ मध्ये तंतूंचे दोन प्रकार मांडले: पेशीने काय सांगायचं ते ठरवणारे चालक आणि ते किती जोरात, केव्हा, कशा रीतीने सांगायचं ते ठरवणारे नियामक. डोळ्याकडून येणारे तंतू थोडे असले तरी चालक आहेत. त्यांचे सिनॅप्स मोठे, पेशीच्या गाभ्याजवळ आणि जबर असतात. व्ही१कडून परतणारे तंतू ढिगाने असले तरी नियामक आहेत. रात्री शेतात दारं धरणाऱ्या माणसाचं काम डोळ्यापुढे आणा: पाणी तो तयार करत नाही, विहिरीतून येतं तेवढंच येतं, पण कोणत्या सरीला किती वेळ सोडायचं आणि कुठली बांधायची हे त्याच्या हातात असतं. सहाव्या थराचं काम जवळपास असंच आहे, आणि ते दोन मार्गांनी चालतं. एक थेट: तंतू एलजीएनच्या पेशीला उत्तेजन देतात. दुसरा आडवळणाचा: तेच तंतू वाटेत थॅलॅमसभोवतीच्या जाळीदार आवरणातल्या दमनकारी पेशींना जागं करतात आणि त्या पेशी एलजीएनला दाबतात. एकाच फांदीवरून चढवणं आणि उतरवणं, दोन्ही.

या दोहोंपैकी कोणतं वरचढ ठरेल, यावर बरेच वाद झाले. २०१२ मध्ये मासिमो स्कॅनझियानी यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत प्रकाशाने चालू-बंद करता येणाऱ्या पेशींचं तंत्र वापरून सहावा थर चेतवला, तेव्हा व्ही१ आणि एलजीएन, दोन्हींचे प्रतिसाद खाली आले. पेशींची पसंती मात्र बदलली नाही, फक्त आवाज कमी झाला. यावरून फीडबॅक, म्हणजे ही परतीची वाहतूक, हा एक लगाम आहे, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. पण २०१५ मध्ये क्रँडल, क्रुकशँक आणि कॉनर्स यांनी उंदरांच्या स्पर्शमार्गावर दाखवलं की तिथले असेच तंतू सावकाश बोलले तर थॅलॅमस दबतो आणि भराभर बोलू लागले की तोच थॅलॅमस चेततो. काय बोललं जातंय याइतकंच किती वेगाने बोललं जातंय, हेही निर्णायक ठरतं. त्याआधीचे परस्परविरोधी निकाल मला यामुळेच समजू लागले. कोणी चुकीचं मोजत नव्हतं, प्रत्येक जण वेगळ्या वेगाला मोजत होता.

अलीकडचे प्रयोग आणखी नेमके आहेत. फॅरन ब्रिग्ज यांच्या गटाने २०१७ मध्ये फेरेट या लहान सस्तन प्राण्यात हे परतीचे तंतू चेतवले, तेव्हा एलजीएनमधल्या संदेशांची वेळ अधिक काटेकोर झाली आणि क्षेत्रं अधिक बारीक झाली. लॉरा बुसे यांच्या गटाने २०२१ मध्ये उंदरांत हे तंतू दाबले, तेव्हा मोठ्या आकृतीभोवतालचं दमन ढिलं पडलं. २०२२ च्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात साध्या पट्ट्यांपेक्षा चित्रफीत दाखवताना फीडबॅकचा परिणाम अधिक ठळक आढळला. हा निकाल मला मोलाचा वाटतो. ज्या नेटक्या रेषांवर हे शास्त्र उभं राहिलं, त्याच रेषा फीडबॅकला कमी काम असण्याची जागा होत्या. गर्दी, हालचाल, सावली आली की त्याची गरज पडते.

लक्ष देणं या रोजच्या अनुभवाचा धागाही इथेच सापडतो. डीएनएच्या रचनेसाठी जगाला माहीत असलेले फ्रान्सिस क्रिक पुढे मेंदूकडे वळले आणि १९८४ मध्ये त्यांनी सुचवलं की थॅलॅमसचं ते जाळीदार आवरण लक्षाच्या झोताचं नियंत्रण करत असावं. तेव्हा पुरावा तुटपुंजा होता. २००२ मध्ये सबिन कास्टनर यांच्या गटाने माणसांच्या मेंदूचे स्कॅन घेऊन दाखवलं की एखाद्या जागी लक्ष दिलं की त्या जागेचा एलजीएनमधला प्रतिसाद वाढतो. २००८ मध्ये मकअलोनन, कॅव्हॅनो आणि वुर्ट्झ यांनी माकडांत दोन्ही बाजू एकत्र मोजल्या: लक्ष दिल्यावर आवरणातल्या पेशींचा आवाज कमी झाला, एलजीएनच्या पेशींचा वाढला आणि हा फरक सुरुवातीच्या क्षणीच दिसला. क्रिक यांच्या कल्पनेला इतक्या वर्षांनी मिळालेला हा पुरावा भक्कम आहे.

व्ही१च्या वर तर परतीच्या रस्त्यांची दाटी आहे. १९९१ मध्ये फेलमन आणि व्हॅन एसेन यांनी मकाक माकडाच्या मेंदूत दृष्टीशी संबंधित ३२ भाग आणि त्यांच्यातले ३०५ मार्ग नोंदवले. त्यांतले बहुतेक मार्ग दुहेरी. १९९८ मध्ये ज्याँ-मिशेल ह्यूपे आणि सहकाऱ्यांनी हालचाल ओळखणारा वरचा भाग थंड केला, तेव्हा खालच्या केंद्रांना पार्श्वभूमीतून आकृती वेगळी काढणं जड गेलं, विशेषतः आकृती फिकट असताना. पास्कुअल-लिओन आणि वॉल्श यांनी २००१ मध्ये माणसांवर चुंबकीय स्पंदांनी प्रयोग केला. हालचालीच्या केंद्राला चेतवून हलणारा प्रकाश भासवला आणि लगेच काही मिलिसेकंदांत व्ही१मध्ये व्यत्यय आणला, तर तो भास होईना. वरच्या केंद्राला एकट्याने दिसत नव्हतं. त्याचा निरोप खाली व्ही१पर्यंत पोचून तिथे टिकावा लागत होता.

ग्लासगोत स्मिथ आणि मुकली यांनी २०१० मध्ये चित्राचा एक कोपरा झाकला. त्या कोपऱ्याशी संबंधित व्ही१च्या भागाला डोळ्याकडून काहीच मिळत नव्हतं, तरी तिथल्या हालचालींवरून बाकीचं चित्र कोणतं आहे ते ओळखता येत होतं. आणि केलर, रॉथ व स्कॅनझियानी यांनी २०२० मध्ये उंदरांत दाखवलं की व्ही१च्या पेशीच्या क्षेत्रात काहीही नसून सभोवती पट्टे असतील तरी ती पेशी बोलते. थोड्या उशिरा, आणि वरच्या केंद्रांच्या आधाराने. म्हणजे एका पेशीला दोन क्षेत्रं: एक डोळ्याने दिलेलं, दुसरं मेंदूने.

या सगळ्याला एका सूत्रात ओवण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयत्न म्हणजे भाकिताचा सिद्धांत. भारतीय वंशाचे राजेश राव आणि डॅना बॅलर्ड यांनी तो १९९९ मध्ये गणिती रूपात मांडला. वरची केंद्रं खाली अंदाज पाठवतात, खालची केंद्रं अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक तेवढा वर पाठवतात, असं त्याचं सार. लांब रेषेला व्ही१ची पेशी का गप्प होते, याचं त्याने दिलेलं स्पष्टीकरण सुंदर आहे. पीटर कोक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये माणसांत दाखवलं की अपेक्षित गोष्ट दिसली की व्ही१ची एकूण हालचाल कमी होते, पण तीत माहिती अधिक नेमकी असते. तरीही हा सिद्धांत दृष्टीच्या पहिल्या पायऱ्यांवर सिद्ध झाला असं म्हणणं मला घाईचं वाटतं. दमन हे भाकिताशिवायही होतं, लक्ष देताना तर प्रतिसाद वाढतो, आणि फरक वाहणाऱ्या वेगळ्या पेशींचा पुरावा अजून तुकड्यातुकड्यांत आहे. आवाज कमी-जास्त करणं, वेळ काटेकोर करणं आणि संदर्भ पुरवणं, या तिन्हींचा पुरावा पक्का आहे. मेंदू म्हणजे फक्त भाकितयंत्र, ही उडी त्यापुढची आहे.

खाली दृष्टिपटलापर्यंतही मेंदूचा हात पोचतो का? पक्ष्यांत पोचतो, तसे तंतू मेंदूच्या पेशींचे आद्य अभ्यासक काहाल यांच्या काळापासून माहीत आहेत. सस्तन प्राण्यांत ते फार थोडे आहेत. पण उंदरांवरच्या २०२० च्या दोन अभ्यासांनी दाखवलं की प्राण्याची सावध अवस्था बदलली की दृष्टिपटलातून निघालेल्या तंतूंच्या टोकांवरच, मेंदूत पोचतानाच, संदेशाचा जोर बदलतो. डोळ्याची नस मेंदूत शिरते त्या क्षणीच ढवळाढवळ सुरू होते. धावणाऱ्या उंदराच्या व्ही१चा प्रतिसाद दुपटीहून अधिक होतो, हे नील आणि स्ट्रायकर यांनी २०१० मध्ये दाखवलंच होतं.

भारतात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुप्रतिम रे यांचा गट दृष्टिकेंद्रातल्या गॅमा लहरींवर, म्हणजे तिथल्या वेगवान विद्युत लहरींवर, काम करतो. माकडांतल्या मोजमापांवरून वर जाणारे संदेश गॅमा लहरींशी आणि खाली येणारे अल्फा-बीटा लहरींशी जोडले गेले आहेत. या गटाने दाखवलं की वृद्धांत या गॅमा लहरी क्षीण होतात आणि स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या रुग्णांत आणखी क्षीण असतात. त्याच संस्थेत एस. पी. अरुण यांच्या गटाने तेलुगू आणि मल्याळम वाचणाऱ्यांची तुलना केली. आपल्या लिपीतली अक्षरं जोडीने आली तरी सुटी ओळखण्याची क्षमता वाचनाच्या सरावाने वाढते, असं आढळलं. धर्माबाद-देगलूरकडे मराठी आणि तेलुगू पाट्या शेजारी लागलेल्या असतात. दोन्ही लिप्या वाचणाऱ्या तिथल्या माणसांवर असा अभ्यास कोणीतरी करावा, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

आता लातूर-नांदेड भागातल्या डोळ्यांकडे येऊ. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात राहून आणि गावोगावच्या शिबिरांतून त्यांनी लाखाहून अधिक मोतीबिंदू काढले. प्रौढपणी आलेला मोतीबिंदू काढला की माणसाला दुसऱ्या दिवशी दिसू लागतं, कारण मेंदू आधीच पाहायला शिकलेला असतो. जन्मजात मोतीबिंदूचं तसं नाही. ह्यूबेल-वीझेल यांनी १९६३ मध्येच दाखवलं होतं की मांजरीच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला तर पुढे तो डोळा धड असूनही व्ही१ त्याला जवळपास ओळखत नाही.

दिल्लीत पवन सिन्हा यांनी उभ्या केलेल्या प्रोजेक्ट प्रकाशमधून उशिरा शस्त्रक्रिया झालेल्या मुलांबद्दल जे समजलं ते विचारात पाडणारं आहे. २००९ च्या अभ्यासात उशिरा दृष्टी मिळालेल्या तिघांना एकमेकांवर आलेल्या आकृत्या सुट्या करता येत नव्हत्या. रंग किंवा छटा बदलली की तिथे वस्तूचा तुकडा पडला असं त्यांना वाटे. वस्तू हलवली की मात्र कळे. २०११ मध्ये ८ ते १७ वयाच्या पाच मुलांना आधी हाताने चाचपलेली वस्तू लगेच नजरेने ओळखता आली नाही, पण काही दिवसांत जमू लागलं. आकृती आणि पार्श्वभूमी वेगळी करणं हे तर परतीच्या तंतूंचं खास काम. या मुलांत डोळ्यापासून वर जाणारा रस्ता मोकळा झाला, पण वरून खाली येणारा घडायचा राहिला असावा, असं मला या पुराव्यांवरून वाटतं. हा माझा तर्क आहे, थेट मोजलेली गोष्ट नव्हे.

आळशी डोळ्याच्या, म्हणजे धड असूनही कमी दिसणाऱ्या डोळ्याच्या, बाबतीत मात्र मोजमाप आहे. २००९ मध्ये रॉबर्ट हेस यांच्या गटाने अशा प्रौढांच्या एलजीएनमध्येच प्रतिसाद कमी असल्याचं दाखवलं. एलजीएनला दोन्हीकडून तंतू येत असल्यामुळे बिघाड वरून खाली उतरलेला असणं शक्य आहे. उपचार म्हणजे चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी. मध्यम तीव्रतेच्या दोषात रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी पडते, असं अमेरिकेतल्या २००३ च्या चाचणीत आढळलं. २००५ च्या चाचणीत ७ ते १२ वयाच्या अनेक मुलांना फायदा झाला, आणि आधी कधीच उपचार न झालेल्या १३ ते १७ वयाच्या काहींनाही. 'आता वय गेलं' हे वाक्य पालकांना फार लवकर ऐकवलं जातं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आणि दृष्टिदोष दोन्ही आहेत. अंगणवाडीतल्या तपासणीत प्रत्येक डोळा वेगळा झाकून पाहिला गेला पाहिजे. दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहिलं की एका डोळ्याचा दोष लपतो.

उलट बाजू वृद्धांत दिसते. डोळ्याकडून येणारा संदेश आटला आणि वरून येणारा चालू राहिला तर काय होतं? १७६० मध्ये स्विस निसर्गअभ्यासक शार्ल बोने यांनी आपल्या आजोबांची हकीकत लिहिली. नव्वदीच्या घरातल्या, मोतीबिंदूने नजर गेलेल्या त्या शहाण्या माणसाला माणसं, पक्षी, इमारती दिसत, आणि ते खरे नाहीत हे त्याला कळत असे. १९९८ मध्ये डॉमिनिक फिच यांनी अशा रुग्णांचे स्कॅन घेतले, तेव्हा भास रंगाचा असेल तर रंगाचा, चेहऱ्याचा असेल तर चेहऱ्याचा भाग चेतलेला आढळला. आपल्याकडे अशा आजीला 'चळ लागला' म्हणतात किंवा बाहेरची बाधा म्हणून देवऋषाकडे नेतात, आणि या भीतीने अनेक म्हातारी माणसं दिसलेलं कुणाला सांगतच नाहीत. डोळे तपासणाऱ्याने 'नसलेलं काही दिसतं का?' एवढं आपणहून विचारावं. पुष्कळांना खोलीतला उजेड वाढवून आणि भास सुरू झाला की नजर इकडेतिकडे फिरवून आराम पडतो, आणि कारण मोतीबिंदूच असेल तर तो काढल्यावर हे भास बहुधा थांबतात.